पिस्तुलाचे तीन आवाज

१ मे १९६० रोजी सोव्हिएत संघात, स्वेर्दलोव्स्क शहराजवळ, अमेरिकेचं यू-२ हे टेहळणी विमान क्षेपणास्त्राने पाडलं गेलं. वैमानिक फ्रान्सिस गॅरी पॉवर्स हवाई छत्रीने जिवंत उतरला आणि पकडला गेला. त्याच्याजवळ एक पिस्तूल सापडलं. हाय स्टँडर्ड कंपनीचं ‘एचडीएम’, पुढे जाड, लांबुळकी नळी असलेलं. शत्रूच्या मुलखात एकट्या पडणाऱ्या माणसाला दिलेलं हे हत्यार .२२ रिमफायर काडतुसावर चालायचं. म्हणजे ज्या काडतुसावर अमेरिकेतली शाळकरी मुलं नेमबाजी शिकतात, त्याच काडतुसावर.

ताकद हवी असती तर अमेरिकी सैन्याकडे कितीतरी मोठी पिस्तुलं होती. इथे निकष होता तो आवाजाचा. दुसऱ्या महायुद्धात ओएसएस या अमेरिकी गुप्तचर संस्थेला कमीत कमी आवाज करणारं पिस्तूल हवं होतं. हाय स्टँडर्डच्या नेमबाजीच्या पिस्तुलावर, बेल लॅबोरेटरीजच्या मदतीने, आवाज दाबणारी नळी बसवून ते तयार झालं. त्या अभियंत्यांनी सुरुवातच .२२ पासून केली, यात सगळं शास्त्र आलं.

आज हा प्रश्न हेरांचा राहिलेला नाही. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वसामान्य नागरिक कायदेशीर नोंदणी करून अशी आवाज दाबणारी नळी, म्हणजे सप्रेसर, घेऊ शकतो. पहिला सप्रेसर घेणारे बरेच जण .२२ चाच घेतात आणि मग त्याच्यासाठी पिस्तूल शोधू लागतात. दुकानात पिस्तुलं डझनावारी असतात, त्यातली बरीचशी ‘सप्रेसरसाठी तयार’ असा शिक्का मिरवणारी. पण शिक्का सारखा असला तरी सगळ्यांचा आवाज सारखा नसतो. तो का नसतो, हे कळलं की निवड सोपी होते.

आवाज एक नव्हे, तीन

चाप ओढल्यावर कानावर आदळतो तो एकच धडाका वाटतो. प्रत्यक्षात त्यात तीन निरनिराळे आवाज मिसळलेले असतात.

पहिला, नळीच्या तोंडाशी होणारा स्फोट. गोळीमागे कोंडलेला तप्त, दाबाखालचा वायू गोळी बाहेर पडताक्षणी हवेत फुटतो. सर्वांत मोठा आवाज याचा, आणि सप्रेसरचा इलाज फक्त यावरच चालतो.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. हवेत २० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. गोळी याहून वेगाने गेली, तर ती आपल्यासोबत आघातलहर ओढत नेते आणि चाबकाच्या फटकाऱ्यासारखा कडाका उमटतो. हा आवाज गोळीच्या संपूर्ण वाटेवर निर्माण होत असल्याने नळीच्या टोकाला काहीही लावलं तरी तो थांबत नाही.

तिसरा आवाज यंत्राचा. पिस्तुलाचा बोल्ट किंवा स्लाइड मागे जाऊन पुन्हा पुढे आदळते, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि पुंगळीच्या जागेतून थोडा वायूही निसटतो. उघड्या, म्हणजे सप्रेसर नसलेल्या, पिस्तुलात हा खडखडाट धडाक्याखाली दबून जातो. धडाका कमी झाला की तोच ठळक ऐकू येतो.

सप्रेसर पहिल्या आवाजाची काळजी घेतो. दुसरा काडतुसावर आणि नळीच्या लांबीवर ठरतो, तिसरा पिस्तुलाच्या रचनेवर. म्हणजे तीनपैकी दोन आवाजांची जबाबदारी पिस्तूल आणि गोळी यांच्यावर येते.

मॅक्सिम पितापुत्र

सप्रेसरचं पहिलं यशस्वी व्यापारी रूप हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकी अभियंत्याने बाजारात आणलं. १९०९ साली त्याला पेटंट मिळालं. त्याचे वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम यांनी १८८४ च्या सुमारास जगातली पहिली खरी स्वयंचलित मशीनगन बनवली होती. बापाने बंदुकीला अखंड गर्जायला शिकवलं आणि मुलाने तिचा आवाज दाबायला. हाच मुलगा पुढे १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओ-चालकांच्या ‘अमेरिकन रेडिओ रिले लीग’चा सहसंस्थापक झाला.

त्याची कल्पना तत्त्वतः आजही तीच आहे. गोळी सरळ भोकांतून निघून जाते, पण तिच्या मागचा वायू आडव्या पडद्यांवर आपटत, एकेका कप्प्यात पसरत, थंड होत, सावकाश बाहेर येतो. प्रेशर कुकरचं झाकण वाफेसकट उघडणं आणि शिट्टीतून वाफ हळूहळू जाऊ देणं, यात जो फरक आहे तोच इथे.

यातून किती आवाज कमी होतो? उघड्या .२२ पिस्तुलाचा धडाका नेमबाजाच्या कानापाशी साधारण १५५ डेसिबलच्या आसपास असतो. चांगला सप्रेसर तो ११५ ते १२० पर्यंत आणतो. डेसिबलची मोजपट्टी सरळ चालत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची तीव्रता दहापट बदलते, म्हणून ३० डेसिबलची घट म्हणजे तीव्रता हजारांश भागावर येणं. अचानक होणाऱ्या आवाजासाठी १४० डेसिबल ही धोक्याची रेषा मानली जाते. तिच्या वर एकच बारही कानाच्या आतल्या केसपेशींना कायमची इजा करू शकतो, आणि त्या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. सप्रेसर .२२ ला या रेषेच्या बराच खाली आणतो. तरीही ११५ डेसिबल म्हणजे शांतता नव्हे. सिनेमातली ‘फुस्स’ ही ध्वनिमुद्रण-कक्षातली करामत आहे.

.२२ च का?

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ साली अमेरिकेच्या स्टीव्हन्स कंपनीने आणलं, आणि आजही जगभरात सर्वाधिक उडवल्या जाणाऱ्या काडतुसांत त्याची गणना होते. भारतीय नेमबाज त्याला ‘पॉइंट टू टू’ म्हणतात. ऑलिम्पिकमधली २५ मीटर पिस्तूल आणि ५० मीटर रायफल या स्पर्धा याच काडतुसावर होतात. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये कोल्हापूरच्या राही सरनोबतने २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक जिंकलं. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्याच स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. दोघांच्याही हाती हेच चिमुकलं काडतूस होतं.

त्याच्या शांतपणाचं मूळ त्याच्या बांधणीत आहे. मोठ्या काडतुसात ठिणगी पाडणारी टोपी बुडाच्या मध्यभागी असते. रिमफायरमध्ये ती वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या पोकळ कडेत भरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आपटून ते चेपते. कड चेपली जायची तर पत्रा पातळ हवा. पत्रा पातळ म्हटल्यावर तो फार दाब सोसू शकत नाही. म्हणून दारू थोडी, दाब कमी आणि नळीच्या तोंडाशी फुटणारा वायूही थोडा. .२२ लाँग रायफलचा कमाल दाब दर चौरस इंचाला २४ हजार पाउंड धरला जातो, ९ मिलिमीटर पिस्तुलाचा ३५ हजार. वायूच थोडा असल्याने त्याला आवरणारी नळीही लहान आणि हलकी चालते. जेमतेम एक इंच व्यासाचे, शंभर ग्रॅमच्या आसपास वजनाचे .२२ सप्रेसर सहज मिळतात.

गोळीच्या वेगाचाही फायदा होतो. नेहमीची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची गोळी ‘स्टँडर्ड व्हेलॉसिटी’ काडतुसातून रायफलच्या लांब नळीतही ध्वनीच्या वेगाच्या थोडी खालीच राहते. पिस्तुलाच्या आखूड नळीत तिला वेग घ्यायला वाव आणखी कमी. त्यामुळे रायफलमधून कडाका काढणारं ‘हाय व्हेलॉसिटी’ काडतूसही पिस्तुलातून पुष्कळदा ध्वनिवेगाच्या आत राहतं. दुसरा आवाज असा आपोआप गळून पडतो. ९ मिलिमीटरमध्ये हेच साधायला मुद्दाम जड, मंद गोळी शोधावी लागते.

स्थिर नळी

आता पिस्तुलाकडे. पहिली गोष्ट पाहायची ती नळी कशी बसवली आहे.

बहुतेक ९ मिलिमीटर पिस्तुलांत बार होताच नळी स्लाइडबरोबर थोडी मागे सरकते, मग कलते आणि स्लाइड सुटते. अशा नळीच्या टोकाला सप्रेसरचं वजन लोंबकळलं तर तिला कलता येत नाही आणि पिस्तूल अडकतं. म्हणून तिथे सप्रेसरच्या आत स्प्रिंगचा एक जादा भाग लागतो. तो बारच्या क्षणी सप्रेसरचं वजन नळीवरून जणू उतरवून ठेवतो.

.२२ पिस्तुलांत ही भानगड सहसा नसते. दाब कमी असल्याने नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवून ठेवायची गरज पडत नाही. नळी जागच्या जागी राहते, आणि मागचा बोल्ट केवळ आपल्या वजनाने आणि स्प्रिंगच्या जोराने पुंगळीला पुरेसा वेळ रोखतो. नळी हलत नसल्याने सप्रेसर सरळ आट्यांवर बसतो.

तरीही यात दोन घराणी आहेत. एका घराण्यात नळी आणि तिच्या मागचा नळकांड्यासारखा भाग एकसंध व स्थिर असतो आणि आत फक्त छोटा बोल्ट मागेपुढे होतो. रुगरची मार्क मालिका ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध. विल्यम रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म यांनी १९४९ साली कनेक्टिकटमध्ये कंपनी काढली तीच या पिस्तुलाच्या बळावर, आणि त्याचं चौथं रूप, मार्क फोर, २०१६ मध्ये आलं. ब्राउनिंगचं १९८५ चं बक मार्क आणि स्मिथ अँड वेसनचं एसडब्ल्यू २२ व्हिक्टरी यांतही नळी स्थिर आणि भक्कम धरलेली असते. अशा पिस्तुलांत नेम अचूक राहतो आणि साइट हलत्या भागावर बसत नाही. सप्रेसर लावल्यावर गोळी लागण्याची जागा थोडी सरकते. पण ती दर वेळी तेवढीच आणि तिकडेच सरकते, त्यामुळे एकदा जुळवून घेतलं की काम भागतं.

दुसऱ्या घराण्यात मोठ्या पिस्तुलासारखी पूर्ण स्लाइड असते. वॉल्थर पी२२, स्मिथ अँड वेसनचं एम अँड पी २२ कॉम्पॅक्ट, टॉरसचं टीएक्स२२, सिगचं पी३२२ ही यातली काही. ती आटोपशीर असतात आणि ९ मिलिमीटरच्या सरावाला जवळची वाटतात. मात्र त्यांच्या नळ्या बारीक असतात आणि सप्रेसरचे आटे पुष्कळदा थेट नळीवर न येता जोडतुकड्यावर येतात.

ज्याला कागदी लक्ष्यावर शांतपणे सराव करायचा आहे त्याला पहिलं घराणं बहुधा जास्त मानवतं. हातात मावणारं, आपल्या मोठ्या पिस्तुलासारखं हवं असेल त्याने दुसऱ्याकडे जावं.

रिव्हॉल्व्हरचा विचार मात्र सोडून द्यावा. फिरत्या सिलिंडरमध्ये आणि नळीमध्ये फट असते, आणि वायू तिथून बाजूला फुटतो. इतिहासात रशियाचं १८९५ चं नागां रिव्हॉल्व्हर हा मोठा अपवाद. त्यात बारच्या आधी सिलिंडर पुढे सरकून ती फट बंद करतो.

आटे

सप्रेसर नळीवर बसतो तो आट्यांनी, आणि इथे चुकीला क्षमा नाही. अमेरिकेत .२२ साठी रूढ माप अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ आटे असं आहे. काही युरोपीय पिस्तुलांत बारीक मेट्रिक आटे असतात आणि मधे जोडतुकडा लावावा लागतो. प्रत्येक जोड म्हणजे सैल होण्याची आणखी एक जागा.

सप्रेसरचा अक्ष नळीच्या अक्षाशी तंतोतंत जुळला पाहिजे. आटे किंचित तिरके कापले गेले असतील, किंवा वारंवार बार होताना सप्रेसर अर्धा आटा सैल झाला असेल, तर गोळी आतल्या पडद्याला घासते. सप्रेसर फाटतो आणि गोळी भलतीकडे जाते. म्हणून कारखान्यातून आटे पाडून आलेली नळी घेणं हे घरच्या वर्कशॉपमध्ये आटे पाडून घेण्यापेक्षा कधीही शहाणपणाचं. आणि दर मॅगझिननंतर पिस्तूल रिकामं करून, सप्रेसर घट्ट आहे ना, हे हाताने तपासणं ही सवयच व्हावी लागते.

लांबी, वजन आणि काडतूस

नळीची लांबी हा तडजोडीचा विषय आहे. आखूड नळीत गोळी ध्वनिवेगाच्या आत राहण्याची खात्री वाढते आणि सप्रेसरसकट पिस्तूल हाताळता येतं. पण दारूला जळायला वेळ कमी मिळत असल्याने तोंडाशी दाब जास्त उरतो, आणि सप्रेसरला जास्त काम पडतं. लांब नळीत तोंडाशी दाब कमी, पण पाच-सहा इंचांचा सप्रेसर जोडल्यावर तोल पुढे झुकतो आणि हात लवकर दुखतो. साडेचार इंचांच्या आसपासची नळी बहुतेकांना मध्यममार्ग वाटते. रुगरच्या मार्क फोर २२/४५ लाइटची नळी ४.४ इंचांची आहे, वरचं आवरण ॲल्युमिनियमचं, आणि पूर्ण पिस्तूल सुमारे ७०० ग्रॅमचं. सप्रेसर लावणाऱ्यांत ते लोकप्रिय आहे ते याच हिशेबाने.

साइट फार बुटकी असेल तर सप्रेसरची जाडी तिच्या आड येते. .२२ चे सप्रेसर बारीक असल्याने ही अडचण कमी येते. आली, तर लाल ठिपक्याची ऑप्टिकल साइट वर बसवता येते.

काडतुसाबाबत पहिला मोह सर्वांत मंद गोळीचा होतो. बाजारात सेकंदाला दोनशे मीटरच्या थोडी वर जाणारी अतिशय शांत काडतुसंही आहेत. पण पिस्तुलाचा बोल्ट मागे ढकलला जातो तो त्याच वायूच्या जोरावर. जोरच कमी पडला तर बोल्ट पूर्ण मागे जात नाही, पुंगळी अडकते, आणि प्रत्येक बारनंतर हाताने बोल्ट ओढावा लागतो. ती काडतुसं मुख्यतः हाताने बोल्ट ओढायच्या रायफलींसाठी आहेत. पिस्तुलासाठी ४० ग्रेनचं स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतूस हा सुरक्षित आरंभबिंदू ठरतो. त्यातही प्रत्येक पिस्तुलाची आवडनिवड वेगळी असते, म्हणून तीन-चार बनावटींची काडतुसं थोडी थोडी आणून, कोणती न अडखळता चालतात हे पाहावं लागतं.

एक गोष्ट नव्या मालकाला हमखास बुचकळ्यात पाडते. पहिला बार नंतरच्या बारांपेक्षा मोठा वाजतो. सप्रेसरच्या पोकळीत सुरुवातीला साधी हवा असते, आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे उरलीसुरली दारू आत जळते. पहिल्या बारनंतर आत जळके वायू भरतात आणि पुढचे बार मऊ होतात. ही ना पिस्तुलाची खोट, ना सप्रेसरची.

काजळी आणि शिसं

सप्रेसर वायूला पुढे अडवतो, म्हणून त्यातला काही भाग बोल्टकडे मागे येतो. सोबत अर्धवट जळलेली दारू आणि काजळीही येते. पिस्तूल नेहमीपेक्षा फार लवकर घाण होतं आणि कण थेट चेहऱ्याकडे उडतात. त्यामुळे डोळ्यांवर चष्मा हवाच. आणि पिस्तूल उघडून साफ करायला किती सोपं, हा निवडीचा खरा निकष बनतो. रुगरची जुनी मार्क पिस्तुलं नेमबाजीत उत्तम, पण उघडल्यावर पुन्हा जोडताना भल्याभल्यांना घाम फोडणारी म्हणून ओळखली जायची. मार्क फोरमध्ये मागच्या एका बटणाने पिस्तूल उघडतं, आणि सप्रेसर वापरणाऱ्याला या सुधारणेचं मोल इतरांपेक्षा जास्त कळतं.

.२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची किंवा तांब्याचा पातळ मुलामा दिलेली असते. शिशाचा थर सप्रेसरच्या आत चढत जातो. म्हणून .२२ चा सप्रेसर सुटे भाग काढून साफ करता येणारा घ्यावा. मोठ्या काडतुसांचे अनेक सप्रेसर वेल्डिंग करून बंद केलेले असतात, तो प्रकार इथे गैरसोयीचा. सफाई मोकळ्या हवेत, हातमोजे घालून करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. शिसं विरघळवण्यासाठी व्हिनेगर आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं मिश्रण वापरायची एक रूढ युक्ती आहे, तिच्यापासून दूरच राहावं. त्यातून लेड ॲसिटेट तयार होतं, जे पाण्यात विरघळतं आणि शरीरात सहज शिरणारं विष आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने सप्रेसरच्या प्रत्येक हस्तांतरणावर २०० डॉलरचा कर लावला. महामंदीच्या काळात ही रक्कम सप्रेसरच्या किमतीच्या कित्येक पट होती. आकडा पुढे नव्वद वर्षं बदलला नाही, आणि महागाईनेच तो हळूहळू हलका केला. १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा हा कर शून्य झाला आहे. पण केंद्रीय नोंदणी, बोटांचे ठसे, छायाचित्र आणि पार्श्वभूमीची तपासणी कायम आहे. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी यांसारख्या आठ राज्यांत नागरिकांना सप्रेसर ठेवताच येत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि शूटिंग रेंजवर जाणाऱ्या मराठी माणसानेही आधी आपल्या राज्याचा कायदा पाहावा.

भारतात तर प्रश्नच उद्भवत नाही. इथे बंदुकीचा आवाज कमी करणारं उपकरण निषिद्ध शस्त्रसामग्रीत मोडतं आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. बालेवाडीच्या रेंजवर पॉइंट टू टूचा सराव करणाऱ्याला कानाचं संरक्षण इअरप्लग आणि इअरमफनेच करावं लागतं. खरं तर जिथे सप्रेसर कायदेशीर आहे तिथेही ते सोडू नये. आपला बार मऊ झाला तरी शेजारच्या लेनमधला माणूस उघडं पिस्तूल उडवत असतो.

प्रश्नांचा क्रम

बहुतेक खरेदीदार आधी सप्रेसरच्या जाहिरातीतला डेसिबलचा आकडा पाहतात आणि मग ब्रँडवरून पिस्तूल ठरवतात. तीन आवाजांचा हिशेब मांडला तर क्रम उलटा होतो. नळी स्थिर आहे का? कारखान्यातून रूढ मापाचे आटे आले आहेत का? ध्वनिवेगाच्या आत राहणाऱ्या काडतुसावर पिस्तूल न अडखळता चालतं का? दर सरावानंतर उघडून साफ करण्याइतकं सोपं आहे का? सप्रेसर लावल्यावर हातात तोललेलं राहतं का? या पाचांना ‘हो’ म्हणणारी पिस्तुलं मोजकीच आहेत, आणि त्यांतलं कोणतंही घेतलं तरी ब्रँडने फारसा फरक पडत नाही. उलट यातल्या एखाद्याला ‘नाही’ म्हणणाऱ्या पिस्तुलाला बाजारातला सर्वांत महाग सप्रेसर लावला, तरी तो तीनपैकी एकच आवाज कमी करू शकतो.